मामींच्या गाठीची गाजरं

४ जानेवारी

चि. लंबूस,
अ. उ. आ. आणि सोबत एक चिमटा.

गुरुवारी तू ट्रकमधून पोती उतरवून गेलास आणि मागोमाग मोठ्या बाईंनी बोलावलं. महिनाअखेरपर्यंत निम्मी भाजी जवळच्या शेतांतून आणून दाखवायची, नाहीतर शाळेचं स्वयंपाकघर बंद आणि कारखान्यातून तयार जेवणाचे डबे. वीस वर्षं पोरांना गरम वाढलं, आता झाकणं उघडत बसू?

शाळेच्या भिंतीपलीकडे मामींचं शेत. त्यांच्याकडे गाजरं मागितली तर म्हणाल्या, व्यापाऱ्याला शब्द दिलाय, आणि तुमच्या शाळेला लांबचाच माल गोड लागतो. टोमणा खरा होता, म्हणून जास्त लागला.

जमलं तर तुझी गुरुवारची फेरी जाईल, हे कळतं मला. रागाव, पण जेवून जा.

लोभ आहेच, तो चिडून कमी करू नये.
तुझी ताई

१० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भावाच्या पोटावर पाय देऊन वर जेवायला बोलावणारी बहीण मी एकच पाहिली.

आता खरं सांगतो. बुधवारी बाजारात तुमची गाजरं भरताना एका पोत्याचं तोंड पिवळ्या पडद्याच्या चिंधीनं बांधलेलं दिसलं. गाठ दातांनीही सुटेना. लहानपणी माझं फाटकं दप्तर मामी असंच बांधून द्यायच्या आणि मी अर्धा तास ते उघडत बसायचो. हमालाला विचारलं. माल तुमच्याच बाजूचा, म्हणाला. म्हणजे मामींची गाजरं अडीचशे किलोमीटर इकडे येतात आणि मी तीच तितकंच अंतर परत नेतो.

पोती उतरवताना तुला सांगायचं तोंडाशी आलं आणि गिळलं. बोललो तर गुरुवार जातो. मग झाकणं उघडणारी तू डोळ्यांपुढे आलीस. चिंधी कापून ठेवली होती, ती सोबत पाठवतोय.

लोभ वाढवावा, निदान ताटातली वाढ तरी.
लंबू

२५ जानेवारी

चि. लंबूस,
अ. उ. आ. आज चिमटा नाही.

चिंधी मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवली आणि मामींनाही बोलावलं. त्यांनी आपला पडदा लगेच ओळखला. म्हणाल्या, "माझ्या गाजरांनी जेवढी दुनिया पाहिली, तेवढी मी नाही पाहिली." काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

व्यापाऱ्याला त्यांनी कळवून टाकलं. आता रोज सकाळी भिंतीवरून टोपली येते. त्यांच्या ओळखीचे चौघे वाटाणे, पालेभाजी देतात. व्यापारी वाकडी गाजरं घेत नसे. इथे दोन पायांच्या गाजरासाठी पोरं भांडतात. स्वयंपाकघर राहिलं.

एवढं जिंकून या गुरुवारी मागचं दार वाजलं नाही, तेव्हा मी रडले. कांदा चिरत होते असं सगळ्यांना सांगितलं.

लोभ असू दे, फेरी असो नसो.
ताई

२७ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मालकानं दुसऱ्या रस्त्यावरची फेरी दिली, तेव्हा माझ्या पोटावरचा पाय काढलास असं समज. सुट्टी मात्र गुरुवारचीच मागून घेतली. परवा बसनं येतोय, हात हलवत. दहा वर्षं तुला भेटायला मला गाजरांचं निमित्त लागलं, आणि तीही तुझ्याच भिंतीपलीकडची निघाली.

दोन पायांचं एक माझ्यासाठी राखून ठेव.
लंबू