खोडलेले सात आकडे

१२ फेब्रुवारी, बुधवार

चुकले. मोठी चूक केली.

लक्षद्वीपच्या एका प्रवाळ बेटाभोवती समुद्राचा तळ किती उभा उतरतो, हे काढायचं काम मी कामठ्यात घरी बसून करते. खोलीचे आकडे माझा धाकटा भाऊ खुमेंद्र बोटीवर लिहून घेतो. नोकरी मीच लावून दिली त्याला. मागच्या आठवड्यात साहेबांना रिपोर्ट पाठवला — उतार तेरा अंश, नांगर धरेल.

आज त्याचा कागद पुन्हा पाहिला. मधले सात आकडे मीच खोडले होते! चाळीस मीटर अंतरात खोली चौदावरून एकदम नव्वद — असं कुठे असतं? पोरगं घाईत काहीतरी लिहून बसलं, म्हटलं. गावच्या तळ्याचा, आमच्या बोडीचा तळ हळूहळू उतरतो, तसाच समुद्र धरला. मोठी शहाणी मी.

खरा उतार बासष्ट अंश. भिंतच ती. नांगर घसरेल, बोट खडकावर जाईल. त्याच बोटीवर खुमेंद्र आहे.

१३ फेब्रुवारी

साहेबांना मेल केला — चूक माझी, नांगर टाकू नका. आपोआप उत्तर आलं: सोमवारपर्यंत रजेवर. नांगर रविवारी आहे! ऑफिसात फोन केला. "मॅडम, रिपोर्ट तो फायनल हो गया."

खुमेंद्रचा फोन बंद.

१४ फेब्रुवारी

बंद.

१५ फेब्रुवारी

बाबांना सांगितलं. आधी विचारत होते, "काऊन रडून राहिली?" मग म्हणाले, "बोडीत उतराच्या आधी दोराले इट बांधून सोडाची, खोली पाहाची, हे शिकवलं होतं त्याले. इसरला नसल."

बोडी, बोडी! त्या बोडीनेच घात केला. ओरडले त्यांच्यावर. ते उठून धानाच्या बांधीवर गेले. नागऱ्याच्या महादेवाला नारळ बोलले, नवस न मानणारी मी!

१६ फेब्रुवारी, रविवार

आज नांगर. सकाळपासून फोन लावतेय. देवा, माझं काहीही कर, त्याला ठेव.

१७ फेब्रुवारी

खुमेंद्रचा फोन आला. "ताई, नांगराच्या आधी दोर सोडून पाह्यला. तळच लागला नाही. बोट मागं घेतली." मी रडतच होते. "रडू नको. कॅप्टनले म्हटलं, आकडे मीच चुकीचे लिहून देल्लो. कामावरून काढून बोटीवरून उतरवलं मले. घरी येऊन राहिलो."

साहेबांना पुन्हा मेल केला. त्याचा कागद जोडला. सातही आकडे बरोबर होते त्याचे.