हात लावून दाखव

आई, तुझा नियम जपानमध्ये कुणालाच माहीत नाही. हे मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि तेही भर वर्गात. आमच्या बोम्मसंद्राच्या कारखान्यात तेव्हा संध्याकाळचा जपानी वर्ग नुकताच सुरू झाला होता. शिकवणाऱ्या बाई जपानी, राहायला व्हाइटफील्डला. इतकी वर्षं इथे काढल्यामुळे कन्नडमध्ये 'स्वल्प, स्वल्प' म्हणत रिक्षावाल्याशी घासाघीस करणाऱ्या. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, आज शिरितोरी खेळू या. आपल्या भेंड्यांसारखाच खेळ, फक्त शब्दांचा. समोरच्याच्या शब्दाचा शेवट धरून आपला शब्द सुरू करायचा, आणि ज्याचा शब्द 'न'वर संपेल तो हरला, कारण त्यावरून पुढे शब्दच निघत नाही. माझी पाळी आली तशी मी उठले, बाकांमधून वाट काढत खिडकीपाशी गेले, गजांना हात लावून 'मादो' म्हणाले आणि जागेवर येऊन बसले. पुढच्या पाळीला तशीच उठून दारापर्यंत गेले. शेजारी आमच्या डिझाइन विभागातली नागपूरची मुलगी बसते, चोवीस वर्षांची. कार्टून बघून बघून जपानी शिकलेली. ती हळूच म्हणाली, "ताई, काय करून राहिल्या तुम्ही?" मी म्हटलं, हात लावल्याशिवाय शब्द कसा धरतील? सगळा वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या. म्हणाल्या, असा नियम मी जन्मात ऐकला नाही.

मला वाटायचं, सगळं जपान असंच खेळतं. घरभर धावत.

जलहळ्ळीच्या क्वार्टर्समधलं आपलं स्वयंपाकघर आठवतं. थंडीचे दिवस आहेत, परातीत सकाळपासून भिजवलेले अवरेकाळू आहेत, आपल्या पावट्यासारखे, बोटांनी दाबले की सालातून टुणकन बाहेर उडणारे. तू नुकतीच ऑफिसातून आली आहेस, बोटांवर ड्रॉइंगची काळी शाई तशीच आहे. तुमच्या कारखान्यात जपानी मशिनं आली होती आणि त्यांचे नकाशे ट्रेस करायचं काम तुझ्याकडे होतं. नकाशांच्या कोपऱ्यातले शब्द काय म्हणतात ते कळायला हवं म्हणून तू ऑफिसातल्या वर्गाला बसलीस. वर्गात एकटी बाई. ते शब्द पक्के करायला तुला कुणीतरी हवं होतं आणि घरात मी होते. तू पातेलं उचलतेस, "नाबे." मी देवघराकडे पळते, घंटा वाजवून ओरडते, "बेरु." पण बहुतेक वेळा घंटा तुझ्या वाट्याला यायची आणि 'रु' माझ्या. किंवा टॉवेल, ताओरु. नाहीतर टेबल, तेबुरु. 'रु'ने सुरू होणारी एकही वस्तू आपल्या घरात नव्हती. मी पलंगाखाली बघायची, फडताळात बघायची. तू दाणे सोलत म्हणायचीस, "शोध की. घर आहे एवढं मोठं." दोन खोल्यांचं घर. हरेल त्याने उरलेली परात सोलायची, असं ठरलेलं. आणि 'रु'तून सुटले तरी घाईत हाताला पहिला लागायचा चमचा. सुपून. 'न'वर संपला. तू परात माझ्याकडे सरकवायचीस.

एकदा तुझ्या वहीतून मी एक शब्द चोरून ठेवला. रुसु. म्हणजे घरी कुणी नसणं. तू 'बेरु' म्हटल्याबरोबर मी तो ऐटीत टाकला. तू मान वर न करता म्हणालीस, "लाव हात त्याला." मी चिडले, नसण्याला हात कसा लावणार? "मग नाही चालायचा," तू म्हणालीस. "कागदावरचा शब्द उद्या जाईल. हाताला लागलेला राहील." मी रडत रडत परात सोलली.

त्याच वर्षी तुमच्याकडून चार जण जपानला प्रशिक्षणाला गेले. नकाशावरचं अडलं की त्यातले तिघे तुझ्या टेबलापाशी येत, हे तू कधी सांगितलं नाहीस, मला नंतर कळलं. तुझे साहेब म्हणाले होते, मुलगी लहान आहे तुमची, घरचं कसं जमणार, पुढच्या वेळी बघू. तू काय उत्तर दिलंस विचारलं तर म्हणालीस, "सरी म्हटलं." तेवढंच. कन्नडमधलं ते 'सरी', म्हणजे 'बरं', तू भाजीवालीलाही त्याच सुरात म्हणायचीस. पुढची वेळ आली नाही. खरं सांगायचं तर तू जाणार नाहीस म्हणून मी आतून खूश होते, आणि त्या संध्याकाळी तू माझ्याशी खेळलीस तेव्हा तुझा एक शब्दही अडला नाही.

आता ऐक. दोन वर्षं झाली वर्गाला, आणि आमची सहा माणसं तीन महिन्यांसाठी जपानला निघाली आहेत. सोबत दुभाषा एकच. परीक्षेत मी आणि नागपूरची मुलगी, दोघींना सारखेच गुण. बाई म्हणाल्या, खेळून ठरवू, आणि माझ्याकडे बघून पुढे म्हणाल्या, "तुमच्या आईच्या नियमाने." आई, सगळा वर्ग बाक सरकवून उभा राहिला. ती पोरगी चपळ, उड्या मारत सगळ्या खोलीला हात लावून आली. मी कुणाच्या खिशातला स्क्रू काढला, कुणाच्या बॅगेतली मोजपट्टी, तुझ्या नकाशांतले शब्द एकेक करून बाहेर आले. वर्गातली निम्मी मुलं ते शब्द पहिल्यांदाच ऐकत होती. मग तिने समोरच्या टेबलावर थाप मारली. "तेबुरु."

मी नऊ वर्षांची झाले. बाई बोटांवर पाचपर्यंत मोजतात. तीनला माझा हात पर्समध्ये गेला. मी किल्ली काढली, वर धरली आणि म्हणाले, "रुसु." या घराला आत्ता कुलूप आहे, आत कुणी नाही, हे बघा, माझ्या हातात आहे. बाईंनी किल्लीकडे बघून मान लववली. पाळी तिची. 'सु'. चार मोजेपर्यंत तिने डबा उघडला, चमचा उंच धरला आणि ओरडली, "सुपून!"

ओरडल्यावर तिने स्वतःच कपाळाला हात लावला. मी मोठ्याने हसले, मग ती हसली, आणि वर्गाने टेबलं बडवली. दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी बोलावलं. तीन महिने म्हणजे, मॅडम, घरचं... मी त्यांना पुरतं बोलू दिलं नाही. जमेल, म्हटलं. आई, मी जाते आहे. परवा विमान आहे.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. विद्यारण्यपुराचं तुझं घर, क्वार्टर सोडल्यावर घेतलेलं, तू गेल्यावर आम्ही विकलं, त्याला आता बारा वर्षं होतील. तिथे एक दुसरं कुटुंब राहतं, आणि कुलूप त्यांनी पहिल्याच आठवड्यात बदललं असणार. खेळाच्या त्या संध्याकाळी कारखान्याच्या गेटपाशी नागपूरवालीने मला विचारलं होतं, "ताई, किल्ली तुमच्याच घरची होती ना?" मी हो म्हणाले. नव्हती. तुझ्या घराची होती.