सतराव्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय मेघाली,

फोन उचलत नाहीस, मेसेज वाचतेस पण उत्तर देत नाहीस. बरोबरच आहे तुझं. म्हणून शेवटी कागद घेतला. ठाकुर्लीला आमच्याकडे सगळे ठीक. धाकट्या बंटीला खोपटच्या एसटी डेपोत नोकरी लागली, आई हवेत आहे. हे सांगायला लिहीत नाहीये गं, पण सुरुवात कुठून करू तेच कळत नाही.

खाडीच्या प्रदूषणावरच्या सुनावणीचं मला आपल्या कॉलेजातल्या रुचिताकडून कळलं. तू गावातर्फे उभी राहिलीस. कंपनीच्या पाइपातून खाडीत काय सुटतं, चिखलातली निवटी मासळी कशी दिसेनाशी झाली, जाळ्यांना कसला काळा चिकटा लागतो, सगळं मांडलंस. आणि कंपनीच्या माणसाने काय काढावं, तर मीच कंपनीसाठी तुमच्या गावात घरोघरी केलेला सर्व्हे! सरासरी गुण पाचपैकी चार पूर्णांक आठ. गावकरी कंपनीच्या समाजकार्यावर खूश. वर नमुना म्हणून फॉर्म दाखवला तोही तुझ्याच आईचा. सतरावा प्रश्न खाडीच्या पाण्याचा, त्यापुढे पाच, खाली जनीमावशीची सही. त्या दिवसापासून आईशी एक शब्द बोललेली नाहीस, कळव्याला सासरी निघून गेलीस. गावातही मावशीला येताजाता टोमणे.

मला हे काम मिळालं तेव्हा तूच म्हणालेलीस, माझ्या आईला सोबत घे, कोणी दार लावणार नाही. खरंच नाही लावलं. चार दिवस मावशी माझ्याबरोबर उन्हातून फिरली. प्रत्येक ओट्यावर तेच सांगायची, आपल्या मेघालीची मैत्रीण हाय, पास करा पोरीला. मग काय! कंपनीने शाळेची भिंत रंगवली, पाच. डोळ्यांचं शिबिर घेतलं, पाच. त्या शिबिरात गुणाजीकाकांना चष्मा मिळालाच नव्हता, तरी पाच. अगं, दारात आलेल्या पोरीला कमी कसे द्यायचे, एवढंच त्यांच्या मनात. कंपनीचा विचार कोण करत होतं! मला तेव्हाच सगळं कळत होतं. आणि मी मेली गप्प लिहीत राहिले, वर घरोघरी सुकटीची चटणी नि भाकरी हाणत.

तो आकडा बघून आमच्या साहेबांनी मला नोकरीत कायम केलं. पेढे घेऊन मी आधी तुमच्याच घरी आलेले. आठवलं की स्वतःचीच किळस येते.

आता जे लिहायला बसलेय ते लिहिते. मावशीचा फॉर्म मी सगळ्यात शेवटी भरला. सोळा प्रश्नांना ती हसत हसत पाच म्हणाली. सतराव्याला थांबली. खाडीला एक, म्हणाली, त्याच्या वर नाय देणार पोरी, तिथं खोटं नाय बोलवत. मी मान डोलावली आणि पाचाभोवती गोल केला. इतक्या पाचांत एकच एक दिसला तर साहेब दहा प्रश्न विचारतील, एवढीच भीती. तिला सहीपुरतंच लिहिता येतं, हे मला ठाऊक होतं. परवा तिला भेटायला गेलेले. तिला सुनावणीच्या दिवशीच, त्या पाचावरून, सगळं कळलंय, मेघाली. तुला का नाही सांगितलं, असं मी विचारलं, तर मला म्हणाली, पोरी, तुझी नोकरी गेली असती ना गं. हे पत्र पुढच्या सुनावणीत दे, माझ्या नावासकट, माझं काय व्हायचं ते होऊ दे. पण त्याआधी आजच गावी जा. ती नीट जेवतही नाहीये.

तुझीच म्हणवून घ्यायचं तोंड नसलेली, तरी तुझीच,
संचिता