राहुटीतली पिठोरी

मेढा, शनिवार, १७ ऑगस्ट १९७४

तीर्थरूप आईस,

राहुटीतून, ओलसर कागदावर साष्टांग नमस्कार. मी बरी आहे. सर्दी आहे, पण किरकोळ. तुझे गुडघे कसे आहेत?

आम्ही चौघी मैत्रिणी दोन दिवस नुसता आराम करणार होतो. चूल पेटवायची नाही, मुलांचं नाव काढायचं नाही, हा नियम माझाच. तासाभरात आमच्यातल्या थोरल्या शालूबाईंनी चुलीसाठी तीन दगड मांडले.

"आवं, आज पिठोरी हाय. खीर-पुरी न्हाई केली तर आई कसली?"

झालं! धुराने डोळे चुरचुरले, मी रागावले, कुणी ऐकलं नाही.

मग शालूबाईंनी ताट डोक्यावरून मागे धरलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "अतित कोण?" म्हणजे अतिथी कोण. मागे "मी" म्हणून ताट घ्यायला लेकरू कुठलं? तरी त्या हात वर करून थांबल्याच. शेवटी मीच वैतागून "मी!" म्हटलं आणि ताट घेतलं.

"खा आता, लेकी," त्या हसल्या.

मी पुरीचा तुकडा मोडला. राग नियम मोडल्याचा होता की माझा माझ्यावरच, कळेना. मी तुझी एकुलती. माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली. पिठोरीला तू अजून ताट धरतेस का, हे मी कधी विचारलंच नाही.

पुढच्या शनिवारी सांगलीला येते. अमावस्या उलटली असली तरी ताट धर. मागे मी असेन.

तुझी,
विजयमाला