तात्पर्याच्या जागी

१२ नोव्हेंबर, बुधवार
सकाळपासून हस्तलिखितं. ससा, मुंगी, परत ससा, मग गर्विष्ठ पतंग. प्रत्येकाच्या शेवटी तात्पर्य. मी समासात नुसतं ‘ता.’ लिहून खाली रेघ मारते, पुण्यात, आमच्या बालपुस्तकांच्या संस्थेत, मेधाताईंना तेवढ्यावर कळतं: तात्पर्य काढा. त्या म्हणतात, तुझ्या ता.ची आता लेखकांनी धास्ती घेतलीय. घेऊ देत. धास्तीने तरी एखादा ससा कमी होईल.
एकात शहरातली मुलगी सुट्टीत तोरणमाळला येते आणि तिथल्या मुलांना हात धुवायला शिकवते. लेखिकाबाईंनी तोरणमाळ पाहिलंय, पण हॉटेलच्या खिडकीतून. परत पाठवली.
मिरचीचा सीझन लागला. पथारीवर, वाळवणाच्या मोकळ्या मैदानात, मिरची पडली की अख्ख्या नंदुरबारला ठसका. खिडकी लावून वाचते तरी नाक वाहतंय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
पोस्टमन पाकीट देऊनही दारातच उभा. "ताई, धाडनार बी आठलाच, लेनार बी आठलाच. मंग मी कसाले फिरी ऱ्हायनू?"
पाठवणाराही इथलाच? उलटून पाहिलं. पाठवणार: बापूजी. म्हणजे माझे सासरे. राहतात वरच्या मजल्यावर.
आत पत्र. ‘मा. संपादक महोदया, सोबत एक बालकथा जोडली आहे. घरचा माणूस म्हणून सवलत देऊ नये. परतीचे पाकीट तिकीट लावून सोबत आहे.’
जन्मभर मिरचीचा व्यापार. घरात मारवाडी बोलले, बाजारात अहिराणी, आणि आता लिहायला बसले ते मराठीत. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात कुरबूर, बीनणीला नोकरी कशाला. सूनबाईने घर सांभाळावं. तेव्हा "वाचायचीच तर नोकरी आहे. वाचू द्या," एवढं बोलून विषय मिटवला तो बापूजींनीच. मी ते विसरलेले नाही.
दुपारी चहा घेऊन वर गेले. पाकिटाबद्दल तेही बोलले नाहीत, मीही नाही. "आलं कमी पडलं," म्हणाले.

१५ नोव्हेंबर, शनिवार
वाचली. वाईट असती तर सोपं झालं असतं.
लहान मुलगा पहिल्यांदाच वडिलांबरोबर मिरची बाजारात जातो. जुना काळ. तोंडी बोली नाही, दलाल आणि व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करतात, बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. बोटं दाबली की भाव, मूठ आवळली की मंजूर. गर्दीत मुलाच्या हातातून वडिलांचा हात सुटतो. घाबरतो. समोर रुमाल, रुमालाखाली हात. बाबांचाच असणार म्हणून तो आपला हात आत घालतो आणि सगळा जोर लावून धरतो. दलाल वरून ओरडतो, "शेठ, सौदा व्हई गया!"
पोराने गाडीभर मिरची घेतली!
मी एकटीच मोठ्याने हसले. हेच तर शोधत असते मी. मूल काहीतरी करतं, त्याच्या स्वतःच्या कारणाने करतं, आणि मोठ्यांच्या जगात उलथापालथ होते. भाषा पण छान. ‘मिरचीचे ढीग माझ्यापेक्षा उंच होते आणि लाल होते,’ एवढंच. दुसरा कुणी असता तर ढिगाला डोंगराची उपमा दिली असती.
मग वडील येतात. बाजारात दिलेला शब्द फिरवत नाहीत, म्हणून गाडी घरी आणतात. आणि लगेच: ‘तात्पर्य: मोठ्यांच्या व्यवहारात लहानांनी हात घालू नये.’ संपली.
अहो, पण मुलाचं काय झालं? एसटीत रुमाल टाकून जागा धरतात तसं तात्पर्य येऊन बसलंय, आणि शेवट बिचारा उभाच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
उत्तर लिहिलं. संस्थेच्या कागदावर, टपालानेच. त्यांची पद्धत ती माझी. ‘कथा फार आवडली. तात्पर्य काढावे. वडील आल्यानंतर काय झाले ते लिहावे.’
‘आदरणीय बापूजी’ लिहायचं की ‘मा. लेखक महोदय’? दुसरं लिहिलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
पत्र पोचलेलं दिसतंय. जेवताना बापूजी नवऱ्याकडे बघून, मला ऐकू जाईल असं: "तात्पर्याशिवाय गोष्ट म्हणजे काट्याशिवाय तराजू. माल दिसतो, वजन कळत नाही."
मी आमटी वाढता वाढता: "बापूजी, पोरं माल खायला येतात. वजन करायला नाही."
ह्यांना ठसका लागला. मुद्दाम.
नंतर स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "छाप ना एकदाचं जसंच्या तसं. वय झालंय त्यांचं. डोळे आहेत तोवर पुस्तक बघू दे की."
हेच खुपतं. पुस्तक त्यांच्या हातात बघायची घाई मला यांच्यापेक्षा जास्त आहे. कितीजणांना ता. मारून परत पाठवलं, त्यांना तोंड कसं दाखवू, हा प्रश्न आहेच. पण तेवढाच असता तर निभावून नेलं असतं. गोष्ट अर्धी आहे. अर्धी छापली आणि वर शाबासकी दिली, तर ते म्हातारपणाचं कौतुक झालं. त्यांनीच तर लिहिलं होतं, सवलत नको.

२२ नोव्हेंबर, शनिवार
वरून निरोप नाही. चहा आमच्या मुलीकडून मागवला, माझ्याकडून नाही.
हस्तलिखित: हत्ती शाळेत जातो. हत्ती का, शेवटपर्यंत कळलं नाही. परत.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
मेधाताईंचा फोन. यंदाच्या चित्रपुस्तकांत एकच जागा उरलीय, जानेवारीअखेर नाव हवं. बापूजींची गोष्ट त्यांना पाठवली होती. "गोड आहे गं. तुझे सासरे आहेत तेव्हा काय ते तूच ठरव." फार उपकार झाले.
पुढच्या वर्षी बघू असं त्यांना सांगता आलं असतं. बापूजींना कसं सांगणार? या वर्षी दोनदा दवाखाना झाला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
मीच वर गेले. पुढच्या आठवड्यात धडगावला शाळेत जातेय, तुमची गोष्ट पोरांना वाचून दाखवू का?
"दाखव. तात्पर्यासकट."
"तात्पर्यासकट."
सौदा ठरला. हसले नाहीत, पण चष्मा पुसला. बरं वाटलं.

२ डिसेंबर, मंगळवार
धडगाव. शेअर जीपमध्ये मागच्या बाकावर, घाटात दोनदा उतरायची वेळ आली. शाळेत पावरा मॅडम आहेत म्हणून हे सगळं जमतं. मी मराठीत एक पान वाचायचं, त्यांनी पोरांच्या घरच्या बोलीत सांगायचं, आणि पोरांची तोंडं बघत बसायचं. पुण्याची काही पुस्तकं मी इथे वाचलीत. मॅडम नंतर हळूच म्हणायच्या, "ऐकतात हो, शहाणी आहेत." म्हणजे आवडलं नाही.
आज तसं झालं नाही. रुमालाशी आल्यावर मॅडमनी आपला पदर पुढे धरला, एका मुलाचा हात खाली घेतला. मग काय, सगळ्यांनाच हात घालायचा होता. मिरच्या विकल्या, कोंबड्या विकल्या, एकाने मास्तरच विकला. मास्तर दारात उभे. हसत होते.
मग मी वाचलं: ‘तात्पर्य’. पुढचा शब्द उच्चारायच्या आत अर्धा वर्ग उठून उभा. दप्तरं काखेत. मॅडम म्हणाल्या, "त्यांना एवढा एक मराठी शब्द पक्का माहितीये. तात्पर्य म्हणजे तास संपला."
हसून हसून पुरेवाट. बापूजींना कसं सांगायचं ते कळेना.
एक मुलगी मात्र उठली नव्हती. मॅडमच्या कानात काहीतरी बोलली. मॅडम: "ती विचारते, मग बाप काय म्हणाला?"
मी म्हटलं, लेखकाला विचारून सांगते.

३ डिसेंबर, बुधवार
सकाळीच वर गेले. आधी हात घालायचा गोंधळ सांगितला. मास्तर विकला हे ऐकून बापूजी इतके हसले की खालून मुलगी पळत आली.
"आणि तात्पर्य?"
"ऐकून उठली. तास संपला म्हणून."
राग येईल वाटलं होतं. आला नाही.
मग त्या मुलीचा प्रश्न सांगितला. मग बाप काय म्हणाला.
"काही नाही."
"म्हणजे?"
"काही म्हणालेच नाहीत. बाजारात नाही, रस्त्यात नाही. घरी आलो, जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी मी टोपी घालून दारात उभा, ते एकटेच निघून गेले. मग नेलंच नाही कधी. मॅट्रिक झालो तेव्हा गादीवर बसवलं. तेव्हाही त्या दिवसाचा विषय नाही." मग म्हणाले, "मारलं असतं तर तेच लिहिलं असतं ना."
चष्मा काढून मांडीवर ठेवला.
"त्यांनी काही सांगितलं नाही. मग तात्पर्य मलाच काढावं लागलं. इतक्या वर्षांत तेवढंच निघालं, बीनणी."
जिन्यात बसून रडले. मी त्यावर रेघ मारली होती.

६ डिसेंबर, शनिवार
मेधाताईंना फोनवर सगळं सांगितलं. त्या: "बाप बोलतच नाही हा शेवट सात-आठ वर्षांच्या मुलांना? आई-बाप पुस्तक मिटून ठेवतील."
ठेवतील. मी पण कदाचित ठेवलं असतं. पण त्या मुलीने विचारलं ते खरं कळावं म्हणून. तिला उगाच ‘बाबांनी पोटाशी धरलं आणि सगळे हसले’ असं सांगू का? असले शेवट मी रोज परत पाठवते.
आणि बापूजींना तरी ‘हे लिहा’ म्हणू का? हस्तलिखितात शेवट नाही हे बघणं माझं काम. माणसाकडेच तो नसला तर काय करायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.
वर जाऊन एवढंच सांगितलं, बापूजी, घाई नाही. घाई आहे.

१५ डिसेंबर, सोमवार
वरून काही नाही. मुलगी सांगते, आजोबा लिहितात आणि खोडतात. कचऱ्याच्या डब्यात कागद दिसले. बघितले नाहीत. (बघावेसे वाटले.)
हे म्हणतात, "कशाला उकरून काढलंस?" रात्रीची खिचडी करपली.

२६ डिसेंबर, शुक्रवार
पोस्टमन. आज नुसता वर बोट दाखवून हसला.
‘मा. संपादक महोदया, आपल्या सूचनेप्रमाणे तात्पर्य काढले आहे. शेवट लिहिता आला नाही.’
शेवटच्या पानावर मजकूर नाही. मध्ये पेन्सिलीने चौकट, आत बारीक अक्षरात: ‘येथे चित्र. बाप आणि मुलगा घरी जात आहेत. मागे मिरचीची गाडी. शब्द नाहीत.’
इतकी वर्षं हे काम करतेय. लिहिता येत नाही म्हणून पान मोकळं सोडणारा लेखक मला भेटला नव्हता. सगळे ती जागा भरून टाकतात.
समासात ‘ठेव’ लिहिलं. मग वर जाऊन पाया पडले. "संपादक पाया पडतात का?" म्हणाले. म्हटलं, ही बीनणी पडतेय.

३० डिसेंबर, मंगळवार
मेधाताईंनी होकार दिला, पण एक अट. शेवटचं चित्र बघून नक्की करू. आई-बाप मिटून ठेवतील ही त्यांची भीती गेलेली नाही. सगळं आता त्या एका पानावर.
चित्रं नवापूरची सुशीला गावित काढतेय. तिला पथारी दाखवली, बाजार दाखवला. मिरचीत दोन तास उभी राहिली, एकदाही शिंकली नाही. मी बाहेर पळून आले.

१४ जानेवारी, बुधवार
तिळगूळ वाटप. सुशीलाची पानं मोबाईलवर आली. ढीग मुलापेक्षा उंच, लाल. बापूजींनी मोठं करून करून बघितलं. दलालाच्या मिशा चुकल्यात, एवढीच तक्रार.
शेवटचं पान नाही आलं.

१९ जानेवारी, सोमवार
सुशीलाचा फोन. "ताई, अडलेय. बाप कुठे बघतोय? पोराकडे बघतोय का सरळ समोर? दोन्ही काढलीत. बघत असेल तर गोष्ट वेगळी होते, नसेल तर वेगळी. मी नाही ठरवणार. त्यांनाच विचारा."
दोन्ही चित्रं पाठवली. तोच रस्ता, तीच गाडी. फरक फक्त मानेचा.
मोबाईल घेऊन वर गेले. म्हटलं, बापूजी, तुमचे वडील तुमच्याकडे बघत होते का?
त्यांनी पहिलं चित्र बघितलं. मग दुसरं. परत पहिलं. मी वाट बघत उभी.
"मला कसं माहीत असणार?" म्हणाले. "मी मान खाली घातली होती. त्यांचे जोडे तेवढे दिसत होते."
मोबाईल परत दिला नाही. बोटाने एकदा हे, एकदा ते. पडदा काळा झाला की मी उघडून देत होते.
मग हळूच, जणू मला माहीत असावं तसं विचारलं, "बीनणी, बघत असतील का?"