बर्फात जागा धरून बसलेलं पिनबॉल

शिकागो,
फेब्रुवारीतला एक गोठलेला बुधवार

तीर्थस्वरूप सासूबाई,

तुमच्या आयरिश जावयाचा कंबरेतून वाकून नमस्कार. (वाकलो तो खरं म्हणजे सोमवारीच, अजून सरळ होता आलेलं नाही. कारण पुढे येईल.) खुबा कसा आहे? नवं हाड कुरकुरत असेल तर त्याला दोन शब्द सुनावा, तुमच्यापुढे आजवर कुणाचं चाललेलं नाही. आम्ही दोघं खुशाल. हलीना हॉस्पिटलातल्या पाळ्या करते आणि उरलेल्या वेळात माझ्याकडे बघून उसासे टाकते.

तिच्याकडून कळलं की तुम्ही येत्या रविवारी त्या वृद्धाश्रमाला होकार कळवणार. कारण काय, तर "त्याच्या टणटणाटात मी राहायची नाही, आणि माझ्यापायी त्याची खेळणी हलवायला लावायची नाही." हे तिने तुमच्याच आवाजात म्हणून दाखवलं, आणि आवाजाच्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, हुबेहूब होतं. मला फार लागलं. टणटणाटाबद्दल नाही, तो आहेच. पण तुम्ही आमच्याकडे न येता परक्या माणसांत राहायला जाणार आणि त्याचं कारण माझी यंत्रं असणार, हे काही मला गिळवेना. मागच्या खोलीतली चारही पिनबॉलं विकायची, असं मी त्याच रात्री ठरवून टाकलं.

आता तुम्ही म्हणाल, हा आणि यंत्र विकणार! पण सासूबाई, मला हे वेड लावलं कुणी? मिलवॉकीतल्या तुमच्या दारूच्या गुत्त्यात (हलीना 'गुत्ता' म्हणू देत नाही, 'टॅव्हर्न' म्हणा म्हणते) कोपऱ्यात ते नाणं टाकून गोळी उडवायचं पिनबॉल होतं, आणि मी बेकार पोरगा त्याच्याशी तासन् तास बडबडत उभा असायचो. शुक्रवारी तळलेल्या माशासाठी गर्दी असायची. एकदा तुम्ही ओरडलात, "अरे आयरिश, नाही तरी तोंड चालूच आहे तुझं, मग ताटं तयार झाली की नंबर तरी पुकार!" आणि माझ्या हातात माईक दिलात. त्या यंत्राच्या घंट्यांच्या वरताण ऐकू जाईल असं बोलायला मी तिथे शिकलो. आज औषधाच्या जाहिरातीच्या शेवटी चक्कर, मळमळ, अंगावर पुरळ एवढे दुष्परिणाम एका दमात म्हणणारा तो आवाज माझा आहे. (तुम्ही तेवढ्यात टीव्हीचा आवाज बंद करता, हे मला माहीत आहे. राग नाही.) आमचं घर त्या पुरळावर उभं आहे. शिवाय दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं बोलल्यावर, आपल्याकडून एकही शब्द वदवून न घेणारं यंत्र माणसाला किती प्रिय होतं ते मला विचारा.

तर झालं असं. चारही यंत्रं घ्यायला शहराच्या दक्षिण भागातला एक गिऱ्हाईक तयार झाला, सोमवारी ट्रक आणतो म्हणाला. आणि नेमका रविवारी मिलवॉकीजवळच्या रसीनहून एका माणसाचा फोन आला: गॅरेजमध्ये जुनं पिनबॉल आहे, उजव्या कडेला सिगारेटचा डाग आहे, हवंय का? सासूबाई, ती उजवी कड! सासरेबुवा खेळताना सिगारेट तिथेच टेकवायचे आणि तुम्ही रोज ओरडायचात. गुत्ता बंद करताना विकलेलं ते यंत्र मी इतकी वर्षं शोधत होतो. चार विकून एक घेणं म्हणजे तीन कमीच की, असा हिशेब मी हलीनासाठी तयारही ठेवला होता. (तिला सांगितलं नव्हतं, नुसता तयार ठेवला होता.)

सोमवारी पहाटे गुडघाभर बर्फ पडला. ट्रकला जागा हवी म्हणून मी घरासमोरचा बर्फ उपसला, कंबर मोडून घेतली आणि मोकळ्या जागेत स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवली. आमच्या गल्लीत ज्याने बर्फ उपसला त्याची जागा, आणि त्याच्या खुर्चीला कुणी हात लावायचा नाही, लावला तर टायर फुटतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे राहायला होतात तेव्हा तुम्ही एक खुर्ची उचलून बाजूला ठेवलीत आणि समोरचा ओसुना महिनाभर तुमच्याशी बोलला नाही. तर खुर्ची ठेवून मी रेकॉर्डिंगला कपाटात शिरलो. कोटांमधली ती जागा चारही बाजूंनी फोम लावून इतकी बंद केली आहे की बाहेर घर पडलं तरी ऐकू येऊ नये. नवं औषध होतं, दुष्परिणाम लांबलचक होते.

तेवढ्यात रसीनची माणसं पिनबॉल घेऊन आली. बेल वाजवून वाजवून दमली. मग त्यांनी खुर्ची पायरीवर ठेवली, पिनबॉल त्याच्या चार पायांवर त्या मोकळ्या जागेत उभं केलं, वर प्लॅस्टिक टाकलं आणि गेली. आणि सासूबाई, अख्ख्या गल्लीने त्याला माझी खुर्ची समजलं! गाड्या गोल गोल फिरल्या, कुणी तिथे शिरलं नाही. बर्फ ढकलणारा गाडीवाला वळसा घालून गेला. ओसुनाने तर प्लॅस्टिक उडू नये म्हणून वरून दोरी बांधली. नंतर मला म्हणाला, "मला वाटलं, तुझ्याकडच्या खुर्च्या संपल्या." कहर म्हणजे माझा गिऱ्हाईक ट्रक घेऊन आला, ते बघितलं आणि परत गेला. फोनवर म्हणतो, "दुसऱ्याची धरलेली जागा मी हलवत नाही साहेब. माझे टायर मला प्रिय आहेत." मी म्हटलं, अहो, ती जागा तुमच्यासाठीच धरली होती. तो म्हणाला, "मग खुर्ची ठेवायची."

हलीना पाळी संपवून आली तीसुद्धा गाडी तीन गल्ल्या पलीकडे लावून, बर्फ तुडवत.

"डेस्मंड, आपल्या दारात कुणीतरी पिनबॉल ठेवून जागा धरलीय. एवढा मूर्ख आपल्या गल्लीत कोण आहे रे?"

मी नुसता तिच्याकडे बघत राहिलो. पंचवीस वर्षांच्या संसारात तेवढं पुरतं. ती तणतणत बाहेर गेली, मी मागे. "एक खोली रिकामी करायची होती तुला, एक! आई तिकडे सामान बांधतेय आणि तू—" असं म्हणत तिने प्लॅस्टिक ओढलं आणि तिचा हात त्या डागावर पडला. मग तिने खिशात नाणं चाचपलं. ओसुनाने न विचारता त्याच्या ओसरीवरून लांब वायर आणून दिली. हलीनाने नाणं टाकलं आणि त्या थंडीत तुमच्या गुत्त्याची घंटा वाजली. दोनच वेळा वाजली, कारण रबर गोठलं होतं आणि गोळी वरच्या कोपऱ्यात जाऊन अडकली. पण तुमची मुलगी हसत होती आणि रडत होती, आणि मीही. मला ही मुलगी दिलीत, माईक दिलात, गप्प बस म्हणण्याऐवजी मोठ्याने बोल म्हणालात. सासूबाई, तुमचे उपकार मी कधी नीट बोलून दाखवले नाहीत. आज दाखवतो. हे लिहिण्याचे पैसे कुणी देत नाही, म्हणजे मनापासून आहे असं समजा.

तुमचा बडबड्या जावई,
डेस्मंड

ता. क. मागच्या खोलीत आता फक्त पलंग आहे आणि सासरेबुवांचं यंत्र. न विकलेल्या चारांपैकी दोन स्वयंपाकघरात, एक व्हरांड्यात, एक आमच्या पलंगाशी, हलीनाच्या बाजूला. (ती रात्री त्याच्यावर चष्मा ठेवते.) कपाटातला सगळा फोम काढून तुमच्या भिंतींना लावला आहे, टणटण आत येणार नाही. औषधांचे दुष्परिणाम मी सध्या गाडीत बसून वाचतो.

आणखी एक. ती गोळी अजून अडकलेलीच आहे. काच काढायला पुढचं दार उघडावं लागतं, त्याला कुलूप आहे, आणि किल्ली तुमच्या गुत्त्याच्या जुडग्यातच असणार. तेवढी हवी होती. पोस्टाने पाठवू नका, पोस्टाचा हल्ली काही भरवसा नाही. रविवारी मी गाडी घेऊन येतो, तुम्ही ती पर्समध्ये ठेवा आणि पर्स घेऊन गाडीत बसा.

शेवटचं. हलीना खांद्यावरून हे वाचून म्हणते की असलं कुलूप तू ड्रिलने दोन मिनिटांत उघडतोस, डझनभर उघडलेली आहेस. खरं आहे. ड्रिल मी ओसुनाकडे नेऊन ठेवलं आहे, आणि मी स्वतः मागायला आलो तरी द्यायचं नाही असं त्याला बजावलं आहे.