तीन गोष्टींचा ग्रुप

प्रिय स्वप्नालीताई,

पाकीट बघूनच तू म्हणशील, "काम काय ते बोल." बोलतो, पण माझ्या पद्धतीने. सध्या मी भुजला आहे, ट्रकवर क्लीनर. इथे उंटिणीच्या दुधाचा चहा मिळतो, जरा खारट लागतो, आणि चहावाला आपल्या उल्हासनगरच्या सिंधी मोबाईलवाल्यासारखाच दर वाक्याला "साईं" म्हणतो. असो, भरकटलो.

तू तुमच्या कंपनीतल्या पॅकिंगच्या बायकांचा व्हॉट्सअ‍ॅपवर रिक्षाग्रुप काढलास तेव्हा मी बुवापाड्याची रिक्षा चालवायचो, म्हणून मलाही घेतलंस. शिफ्ट सुटल्यावर एमआयडीसीच्या नाक्यावर कुणी एकटीने उभं राहायचं नाही, एवढ्यासाठीच तो ग्रुप. मग ग्रुपमधल्या किर्तीच्या वाढदिवसाला केकच्या फोटोंवर फोटो आले, आणि त्या गर्दीत जनाबाईचा "नाक्यावर एकटी आहे" हा मेसेज कुणाला दिसलाच नाही. बिचारी चालत घरी गेली. दुसऱ्या दिवशी तुझा नियम आला: कुठे, किती जणी, कधी. घरी गेलं की "पोचले". बाकी एक अक्षर नाही. मी रिक्षाच्या आरशावर बसलेल्या पोपटाचा फोटो टाकला तर तू मला ग्रुपमधून सरळ उडवलंस! काहीही टाकणार नाही, या बोलीवर परत घेतलंस.

तेव्हापासून नुसता वाचतो. ट्रक कुठेही असो, संध्याकाळी एकेकीचं "पोचले" येतं. तुझं सगळ्यात शेवटी, बाकीच्यांचं आल्यावर.

मागच्या आठवड्यात तू लिहिलंस, "उद्यापासून मी नाही. जिज्ञासा बघेल." खाली अंगठेच अंगठे. का, हे एकीनेही विचारलं नाही. विचारणार कशी, नियम तुझाच. मी फोन केला तर "ठीक आहे, ठेव" म्हणालीस, आणि ठेवता ठेवता खोकलीस. तो दिवाळीतलाच खोकला ना? पॅकिंग करताना उडते त्या पावडरीचा? नियम चांगलाच आहे गं, जनाबाई त्यानेच सुखरूप घरी जाते. पण तुला काय झालंय ते त्या तीन गोष्टींत कुठे लिहायचं?

म्हणून हे पत्र. तिकडे आलो की सोमवारी तुला डॉक्टरकडे नेणार आहे, आणि तिथे नंबर येईपर्यंत सगळं ऐकणार आहे, लांबलचक, पाहिजे तेवढं भरकटत. आता कामाचं: एमआयडीसी नाका, एक जण, पुढच्या रविवारी सकाळी. तुझ्या उंबऱ्यात आलो की ग्रुपवर "पोचलो" टाकीन. उडवायचं तर उडव.

तुझाच बडबड्या,
दिपेश